न्यायाधीशांचं पेन्शन सोडा, सांगलीची एफडी बघा

प्रश्न : दुबईच्या कोर्टात सात वर्षं अनुवादक आहे, नेमणूक खासगी कंपनीमार्फत. अमिराती न्यायाधीशांना पेन्शन, इजिप्त-सुदानहून करारावर आलेल्यांना आणि आम्हाला फक्त ग्रॅच्युइटी. पगार १८,००० दिरहम, बेसिक ८,०००. वीस वर्षांत ३,६०,००० मिळतील. पेन्शनऐवजी २५ वर्षांचा बचतीचा प्लॅन घेतलाय, महिना २,०००; दोन वर्षं भरले. हप्ता वाढवू का? सांगलीत ३० लाखांची एफडी आहे, ‘माझ्यावर कर बसत नाही’ असं १५जी घोषणापत्र बँकेत भरतो म्हणून व्याजातून टीडीएस कटत नाही.

उत्तर : अमिराती पेन्शन नागरिकत्वाला जोडलेलं आहे. ते परदेशी न्यायाधीशालाही नाही, मग तुम्ही कुठे! शिवाय तुमचा करार कोर्टाशी नाही, कंपनीशी आहे. त्यामुळे तुम्हाला खासगी क्षेत्राचा कामगार कायदा लागू. ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिकवर धरतात, पूर्ण पगारावर नाही : पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवस, पुढे ३०. आजच्या बेसिकवर वीस वर्षांचे २८,००० अधिक १,२०,०००, म्हणजे १,४८,०००. तुमच्या आकड्याच्या निम्माही नाही.

हप्ता वाढवू नका. अशा प्लॅनमध्ये पहिल्या दीड-दोन वर्षांचे हप्ते बहुतेक कमिशन आणि शुल्कात जिरतात, म्हणून आज मोडला तर हाती फार थोडं लागेल. ‘४८,००० बुडतील’ या भीतीनेच माणसं पुढचे ५,५२,००० भरत राहतात. आजची सरेंडर व्हॅल्यू (आज मोडला तर मिळणारी रक्कम) आणि वर्षाचं एकूण शुल्क लेखी मागवा. एजंट तोंडी सांगेल ते कानाआड करा.

आता न विचारलेलं. १५जी फक्त निवासी भारतीयाने भरायचा असतो. तुम्ही एनआरआय आहात, म्हणजे दरवर्षी बँकेला खोटं घोषणापत्र देताय. आणि कशासाठी? ७ टक्क्यांनी व्याज २,१०,०००. भारतात दुसरं उत्पन्न नसेल तर त्यावर करच बसत नाही! टीडीएस कापला असता तर रिटर्न भरून परत मिळाला असता. दुबईहून पाठवलेले पैसे निवासी खात्यात ठेवणं हा फेमाचाही (परकीय चलन कायद्याचा) भंग आहे, आणि त्यात दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो.

बँकेत व्हिसा आणि पासपोर्टच्या प्रती देऊन खातं एनआरओ (एनआरआयचं भारतातल्या पैशांसाठीचं खातं) करून घ्या. एफडीही एनआरओत बदला. ‘मोडावी लागेल’ असं शाखेत म्हणाले तर आधी व्याजकपात विचारा. एनआरओवर टीडीएस ३० टक्के अधिक उपकर. दुबईचं कर-निवास प्रमाणपत्र दिलं तर भारत-अमिराती कर-करारानुसार व्याजावर १२.५ टक्के. यापुढचा पैसा थेट एनआरईत (एनआरआयच्या परदेशी कमाईच्या खात्यात) पाठवा, तिथलं व्याज भारतात करमुक्त. जुनी रक्कम एनआरओतून एनआरईत हलवताना सीएचं प्रमाणपत्र लागतं. वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा तुम्हाला आडवी येणार नाही.

मागच्या वर्षांचे १५जी आणि फेमाचं प्रकरण सीएला स्वतःहून दाखवा, बँकेची किंवा आयकर खात्याची नोटीस येण्याआधी.