शिकारीच्या रायफलसाठी हातानं भरलेलं काडतूस इतकं अचूक कसं होतं? आपल्याकडे घरी भरता येईल का?

तुमचा प्रश्न असा: निपाणीकडच्या घरात आजोबांची ३१५ रायफल आहे. परदेशी लोक घरच्या टेबलावर काडतुसं भरतात आणि तीन गोळ्या एकाच भोकात घालतात, ते तुम्ही व्हिडिओत पाहिलं. हे नेमकं कसं साधतात आणि आपल्याला जमेल का?

शेवटचं आधी सांगतो. करू नका. शस्त्र कायदा १९५९, कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली त्याला कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली बंदच आहे. डुकरांनी ऊस लोळवला, गव्यांनी भात खाल्लं की काय वाटतं ते मला कुणी सांगायला नको, आमच्या जांबोटीकडच्या शेतात दर वर्षी तेच चालतं. पण तिथं पंचनामा करून वनखात्याकडे भरपाई मागायची. रायफल काढायची नाही.

आता, कसं साधतात. मी मूळचा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर वीसेक वर्षं काढली आणि मग हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्तीच्या कामावर सात वर्षं दक्षिण आफ्रिकेत, लिंपोपो प्रांतात थाबाझिंबीला होतो. लोखंडाच्या खाणीचं गाव; गावाबाहेर पडलं की शिकारीची फार्मं. तिथं शिकार कायदेशीर आणि परवानाधारकानं स्वतःच्या बंदुकीसाठी काडतुसं भरणंही कायदेशीर. वर्कशॉपमधले एक म्हातारे गृहस्थ, त्यांना सगळे ‘ओम’ म्हणायचे. आपण अण्णा किंवा काका म्हणतो तसं. त्यांच्याकडे ३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) मॅग्नम होती, म्हणजे १९१२ साली निघालेलं, मोठ्या जनावरांसाठी आजही चालणारं काडतूस. रायफल त्यांची, परवाना त्यांचा. मी शनिवारी त्यांच्या गॅरेजमध्ये समोर बसून हाताखालचं काम करायचो.

पहिल्या शनिवारी मला वाटलं होतं, काहीतरी गुपित मसाला असणार. तसलं काही नव्हतं. उद्यमबागेत आमचे मिस्त्री म्हणायचे, एक नग झकास काढणं कुणालाही जमतं, शंभरावा नग पहिल्यासारखा निघाला पाहिजे. काडतुसाचंही तेवढंच आहे. पितळी पुंगळी, बुडाशी ठोका बसला की पेटणारी टोपी, आत दारू, तोंडाला गोळी. कारखान्याचं काडतूस त्या मापाच्या जगातल्या कुठल्याही रायफलीत बसलं पाहिजे म्हणून थोडं सैल बनवतात. हातानं भरणारा ते एकाच रायफलीच्या मापानं शिवतो. रेडिमेड सदरा आणि शिंप्याकडचा सदरा, एवढाच फरक.

पण त्या मापातच सगळी गोम आहे, आणि ३७५ मध्ये तर फारच. त्या पुंगळीला बुडाजवळ एक पट्टा असतो. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, ते किती आत जाऊन थांबायचं ते कारखान्याच्या हिशेबात हा पट्टा ठरवतो. त्यामुळं चेंबर कापणारे पुढच्या खांद्याकडे, म्हणजे पुंगळी तोंडाकडे निमुळती होते तिथं, ढिले राहतात, तिथं जागा सोडून देतात. बार निघाला की पितळ फुगून ती जागा भरतं. मग तुम्ही डायमध्ये, म्हणजे वापरलेली पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात, पुंगळी पूर्ण दाबून खांदा पुन्हा मागे ढकलला, की पुढच्या बाराला पितळ परत ताणलं जातं, आणि ताणलं जातं नेमकं पट्ट्याच्या जरा पुढे. चार-पाच वेळा असं झालं की तिथं आतून खाच पडते आणि एक दिवस पुंगळी तिथंच तुटून निम्मी चेंबरमध्ये राहते. समोर आफ्रिकेतला रानरेडा उभा असताना! ओम एक बारीक तार टोकाशी वाकवून पुंगळीच्या आत घालायचे आणि भिंतीवरून ओढायचे. खाच असेल तर तार अडकते. बोअर गेजशिवाय, म्हणजे आतला व्यास मोजायच्या साधनाशिवाय, सिलिंडरची भिंत बोटानं चाचपावी तसं. उपाय असा की डाय इतकाच खाली आणायचा की खांदा केसभर मागे जाईल, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) सहज बंद होईल, बास. मग काडतूस पट्ट्यावर न थांबता खांद्यावर थांबतं, नळीच्या सरळ रेषेत नीट बसतं, आणि पुंगळ्याही दुप्पट टिकतात. हे त्यांनी मला पाच मिनिटांत सांगितलं, मी ते पाच महिन्यांत शिकलो.

दारू ग्रेनमध्ये मोजतात. सोनाराची एक गुंज म्हणजे साधारण दोन ग्रेन. काटा ०.१ ग्रेनपर्यंत दाखवतो. कुठली दारू किती, ते इथं लिहिणार नाही. तो आकडा दारू बनवणाऱ्याच्या छापील तक्त्यातून घ्यायचा असतो, कुणा अनोळखी माणसाच्या उत्तरातून नाही. रीत मात्र सांगतो. तक्त्यातल्या कमाल मापाच्या १० टक्के खालून सुरुवात, मग थोडं थोडं वर. प्रत्येक पायरीवर रिकामी पुंगळी हातात घेऊन बघायची: टोपी चपटी झाली का, बुडावर चकचकीत ठसा उठला का, बोल्ट उचलताना जड लागला का. जड लागला तर तिथंच थांबायचं आणि खाली यायचं. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. सगळ्या पुंगळ्या भरून झाल्या की गोळ्या बसवायच्या आधी वरून बॅटरी मारून दारूची पातळी एकसारखी आहे का ते बघायचं. हे ओम जप केल्यासारखं करायचे, एकदाही चुकले नाहीत.

चुकलो मी. जुलैत तिथं थंडी असते. मी भरायला लागलो, ओम बघत होते, आणि वेग अजून थोडा मिळतोय म्हणून मी कमालीच्या अगदी कडेपर्यंत गेलो. सकाळच्या गारठ्यात सगळं ठीक. तीच काडतुसं जानेवारीत, भर उन्हात, पिकअपच्या डॅशबोर्डवर दोन तास पडली. पहिल्याच बाराला बोल्ट असा धरला की लाकडी मोगरीनं ठोकून उघडावा लागला. दारू तापली की दाब वाढतो. जुन्या काळी कॉर्डाइट यात फारच वाईट, म्हणून हिंदुस्थान-आफ्रिकेकडे पाठवायच्या काडतुसांत ती मुद्दाम कमी भरायचे. ओम काही बोलले नाहीत. उरलेली १४ काडतुसं त्यांनी माझ्यासमोर एकेक करून मोडली आणि पुंगळ्या मोजून डब्यात ठेवल्या. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता त्या एका भोकातल्या तीन गोळ्या. माझ्या पाकिटात तसा एक कागद वर्षभर होता, १०० मीटरवर तीन गोळ्या, अंगठ्याच्या नखाखाली झाकतील अशा. दुसऱ्या आठवड्यात तीच दारू, तीच गोळी, तोच माणूस, आणि अडीच इंच फाकल्या. तीन गोळ्यांचा गट म्हणजे तीन वेळा नाणं उडवून छापा येणं. व्हिडिओवाले दहा कागदांतला एक दाखवतात. दारूच्या अमुक मापावर नळीची थरथर जुळते आणि गट आकसतो असं सांगणारे पुष्कळ आहेत. त्यात तथ्य असेलही, पण तीन-तीन गोळ्यांवरून ते ओळखता येत नाही.

ओमची कसोटी वेगळी होती. शिकारीत जनावर तुम्हाला गार नळीतून एकच गोळी देतं. म्हणून रोज सकाळी एक बार, तोच कागद, नळी पूर्ण गार. दहा सकाळी झाल्या की कागद खाली काढायचा. त्या दहा भोकांत रायफल, काडतूस आणि माणूस तिघांचं खरं माप कळतं. त्यांचा कागद कधी दोन इंचाच्या खाली आला नाही, आणि त्यांना तो चालायचा. तिकडचा रेडा बहुतेक वेळा ५०-८० मीटरवरूनच मारतात आणि त्याच्या काळीज-फुप्फुसाची जागा पुरणपोळीएवढी तरी असते. अर्ध्या इंचासाठी झुरायचं ते कागदावर मेडल मारणाऱ्यांनी.

मोठ्या जनावराच्या काडतुसात अचूकपणापेक्षा वरचढ गोष्टी आहेत. गोळी फुटता कामा नये. जॉन नोझलर नावाच्या अमेरिकन शिकाऱ्यानं १९४६ मध्ये ३७५ च्याच धाकट्या भावातून, ३०० एच अँड एच मधून, मूसवर गोळ्या झाडल्या. त्या वरच्यावरच फुटल्या. त्यातून त्यानं मधे तांब्याची आडभिंत असलेली गोळी काढली: पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत आत जातो. दुसरं, ३७५ चा धक्का इतका जबर असतो की मॅगझिनमध्ये वाट बघणाऱ्या काडतुसांच्या गोळ्या त्या धक्क्यानं पुंगळीत मागे दबतात. म्हणून गोळीवरच्या खाचेत पुंगळीचं तोंड किंचित आवळतात. कागदावर मारणारे गोळी पुढे आणून नळीच्या आतल्या पिळदार आट्यांना जवळजवळ टेकवतात, गट सुधारतो. पण शिकारीच्या रायफलीत तेवढं लांब काडतूस मॅगझिनमध्ये बसलं तर पाहिजे. निघण्याआधी ओम रेंजवर, नळी मातीच्या बांधाकडे धरून, प्रत्येक काडतूस एकदा मॅगझिनमधून चेंबरमध्ये घालून काढायचे. अडकलं की ते बाजूला.

तुमच्या ३१५ कडे वळतो. बहुधा ती इशापूरची असणार, ली-एनफिल्डच्या घाटाची बोल्टवाली. काडतूस मुळात ऑस्ट्रियन लष्कराचं ८×५० आर मॅनलिखर. इंग्रजांना लष्कराचं ३०३ लोकांच्या हाती नको होतं, म्हणून आपल्याकडे हे नागरी माप रुजलं. त्याची काडतुसं खडकीच्या कारखान्याची. बुडावर ‘केएफ’ दिसेल. ती भरायच्या भानगडीत न पडता या रायफलीचा नेम बराच सुधारतो, कारण तो बिघडतो बहुतेक लाकडापायी. ली-एनफिल्डचं पुढचं लाकूड नळीला कुठं आणि किती टेकतं यावर तिचा सगळा खेळ. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते फुगतं, मार्चमध्ये आकसतं, आणि गोळी दोन ऋतूंत दोन जागी लागते. परवानाधारक बंदूक-मिस्त्रीकडून ते तपासून घ्या. नळीचं तोंडही बघायला सांगा. दोरीनं नळी पुसताना दोरी वर्षानुवर्षं एकाच कडेला घासली तर तिथं खाच पडते, आणि मग गोळी बाहेर पडताना कलते. जुन्या काडतुसांच्या टोपीतून नळीत एक प्रकारचं मीठ राहायचं, ते तेलानं जात नाही, उकळत्या पाण्यानंच जातं. आजोबा चहाच्या किटलीनं नळी धूत असतील तर ते वेडेपणा करत नव्हते. काडतुसं घ्याल तेव्हा सगळी एकाच लॉटची घ्या आणि परवानगीच्या रेंजवरच मारा. दुर्बिणीशिवाय, साध्या माशी-खाचेच्या नेमावर १०० मीटरला चार इंचात आल्या तर रायफल उत्तम आहे.

पण हे सगळं परवाना तुमच्या नावावर झाल्यावर. आजोबा वारले असतील आणि रायफल अजून पेटीतच असेल, तर आज ती बेकायदा आहे. कलम २१ प्रमाणे ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा, पावती घ्या, मग वारस म्हणून अर्ज करा. अर्ज कन्नडमध्ये, आजोबांचं परवानापुस्तक इंग्रजीत आणि वारसदाखल्यावर नाव तिसऱ्याच स्पेलिंगचं, असा आपल्या भागातला नेहमीचा गोंधळ होणार. तेव्हा नावाचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा, माझ्या चुलत्याच्या वेळी त्यातच आठ महिने गेले.

आणि पेटीत रायफलीबरोबर आजोबांची काडतुसंही असतील. पितळावर हिरवं चढलेलं असेल, पुंगळीच्या तोंडाशी चीर असेल, तर ती मारून बघू नका, मोडून आत काय आहे ते बघू नका, विहिरीत टाकू नका. रायफलीबरोबर तीही जमा करा आणि किती दिली तो आकडा पावतीवर लिहून घ्या.