कापूस वेचणी यंत्राच्या चात्या झाड न मोडता बोंडातला कापूस कसा काढतात?

याचे मर्म इंजिनाच्या ताकदीपेक्षा गतींच्या मेळात आहे. या यंत्रात उभ्या अक्षाभोवती फिरणारा ढोल असतो. त्याच्या परिघावरील उभ्या दांड्यांवर निमुळत्या, काटेरी पोलादी चात्या आडव्या बसवलेल्या असतात आणि त्या स्वतःभोवती अतिशय वेगाने फिरतात. यंत्र ज्या वेगाने पुढे सरकते, जवळपास त्याच वेगाने ढोल चात्यांना मागे नेतो. त्यामुळे चाती झाडाला पुढे-मागे न ओढता बाजूने आत शिरते, कापूस गुंडाळून घेते आणि तशीच बाहेर येते. म्हणूनच ढोलाची गती चाकांच्या गतीशी जुळवलेली असावी लागते; हा मेळ बिघडला की फांद्या मोडतात आणि हिरवी बोंडे गळतात.

गुंडाळलेला कापूस सोडवणे मला याहून अवघड वाटते. अमेरिकेतील वेचणी यंत्राचे संशोधक जॉन रस्ट यांनी १९३० च्या दशकात कापूस चिकटावा म्हणून गुळगुळीत, ओली चाती वापरली. आजची चाती काटेरी असली तरी झाडात शिरण्यापूर्वी ती ओल्या गादीवरून पुसली जातेच, कारण तिच्यावर पानांचा चिकट रस साचला तर कापूस सुटत नाही. चाती कापूस गुंडाळून झाडाबाहेर आली की डोफरच्या, म्हणजे कापूस उतरवणाऱ्या भागाच्या, रबरी चकत्या तो टोकाकडे ढकलून उतरवतात व हवेचा झोत टोपलीत नेतो. चकती आणि चाती यांच्यातील फट थोडी जरी वाढली, तरी कापूस चातीवरच राहतो.

विदर्भातील पसरट पऱ्हाटीत, जिथे बोंडे टप्प्याटप्प्याने फुटतात, हे यंत्र तसेच चालणार नाही; त्यासाठी बुटके, सरळ वाढणारे, एकाच वेळी फुटणारे वाण आणि वेचणीपूर्वी पानगळ हवी.