जळगावात थाई पद्धतीचा झणझणीत चिकन रस्सा कसा करावा? गलांगल (आल्यासारखा कंद), फिश सॉस (माशांचा खारट सॉस) मिळत नाही.

गलांगलऐवजी आलं चालतं, वास थोडा वेगळा येईल. फिश सॉसऐवजी मीठ आणि चमचाभर सोया सॉस. गवती चहाची पात नको. खालचा पांढरट दांडा घ्या, बत्त्याने ठेचा.

भिजवलेल्या लाल मिरच्या, लसूण, आलं, कोथिंबिरीचे देठ वाटा. ताज्या नारळाचं पहिलं घट्ट दूध कढईत तेल सुटेपर्यंत आटवा आणि वाटण त्यातच परता. खरी चव इथेच येते, घाई करू नका. मग अर्धा किलो हाडासकट चिकन, पातळ दूध, ठेचलेले दांडे, जरासा गूळ. शेवटची दहा मिनिटं भरिताच्या हिरव्या वांग्याच्या फोडी. बऱ्याच थाई रश्शांतही हिरवी वांगी असतात. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा.

काळा मसाला मात्र नको, नाहीतर आपला नेहमीचाच रस्सा होईल. सोबत भात, नाहीतर कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी.