घोडीवर कानस फिरवण्याआधी

प्रिय मित्रा,

तंबोऱ्यासाठी सुटी घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी), तारांचा संच, मणी असं सगळं आणलंस. सोबत कानसही घेतली असशील, तर ती तूर्त कपाटात राहू दे. घासलेली घोडी परत वाढत नाही. घोडी हस्तिदंती किंवा सांबरशिंगाची नाही म्हणून हळहळू नकोस. तो व्यापार कायद्याने बंद आहे, आणि हाडाची किंवा शिसवीचीही चांगली बोलते.

जुन्या घोडीच्या पायांभोवती तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, पेन्सिलीची बारीक रेघ मार, मगच सगळ्या तारा थोड्या थोड्या सैल कर. नवी घोडी ठेवून पायाखाली कागदाची पट्टी सरकवून बघ. पट्टी आत गेली तर तिथे पाय टेकलेला नाही. तबलीला किंचित फुगीरपणा असतो, म्हणून तिच्यावरच 120 नंबरचा पॉलिश पेपर उताणा ठेव आणि घोडीचे पाय त्यावर घास. हा टेकू नीट नसेल तर पुढची सगळी मेहनत फुकट.

खुंटी घसरत असेल तर खडू लाव. पिळताना आत दाबत राहा. मणी, म्हणजे घोडीमागे तारेत ओवलेला सूर बारीक जुळवायचा मणी, सुरुवातीला घोडी आणि तारेचं खालचं टोक यांच्या मधोमध ठेव: घोडीपासून लांब सरकवला की सूर चढतो, जवळ आणला की उतरतो. दोन्हीकडे वाव हवा.

आता तंबोरा सुताशिवाय, म्हणजे तारेखाली घालायच्या दोऱ्याशिवाय, सुरात लाव. काळी 1 मध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) जोडाचा, म्हणजे मधल्या दोन तारांचा, षड्ज 138.6 हर्ट्झला. दुसरा जोड पहिल्याशी जुळवायचा, मग खर्ज (शेवटची जाड तार) त्याच्या निम्म्यावर, शेवटी पंचम (पहिली तार). पंचमाला मोबाइलच्या ट्यूनरवर विसंबू नकोस. त्याचा पंचम शुद्धापेक्षा सुमारे 2 सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरलेला असतो, आणि जोडासोबत छेडलास तर साधारण दर दोन सेकंदांना एक लाट ऐकू येते. मणी केसभर सरकवत ती लाट विरेपर्यंत थांब. नव्या तारा ताणल्या जात राहतात, तेव्हा जवारीला, म्हणजे तारेचा भरघोस झंकार जुळवायला, दुसऱ्या दिवशीच हात घाल.

सूत घोडी आणि तार यांच्यामध्ये घालून पुढे-मागे सरकवायचं, एका वेळी एकाच तारेचं. तार सतत छेडत राहा. आधी ठस, बंद आवाज येईल, मग एका जागी तो अचानक फुलेल. खर्जातून गंधार स्वच्छ उमटला की हात काढ. अर्धा मिलिमीटर पुढे गेलं तरी तो हरवतो. नंतर सूर बदललास तर सूतही पुन्हा बसवावं लागेल, यात तुझी चूक काही नाही.

सूत कुठेही नेलं तरी तार बंदच राहिली, तर घोडीचा उतार जास्त आहे. सुराऐवजी नुसती झणझण येत असेल तर पृष्ठ फार सपाट आहे. एकाच तारेचं बिनसलं असेल तर तिच्याखाली खाच पडली आहे का ते उजेडात तिरकं धरून बघ. जुन्या घोडीवर हे हमखास दिसतं.

एवढं पाहूनही घासावंच लागलं, तर घोडीचा माथा पेन्सिलीने काळा कर, तार चढवून छेड आणि सैल कर. जिथे रेघ चमकेल तिथेच तार टेकते. तेवढ्याच भागावर तारेच्या दिशेने चार-पाच हलके हात फिरव, मग लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला 400 आणि शेवटी 800 नंबरचा पेपर. दर खेपेला तार चढवून ऐक. संध्याकाळ जाईल. उतार जास्तच गेला तर त्या घोडीवर सराव कर आणि नवी मिरजेच्या कारागिराकडून घडवून घे. तिला मात्र तू हात लावू नकोस.

तुझा,
एक तंबोरेवाला