मागे पडणाऱ्या निवासी डॉक्टरला काय सांगावे?

वैद्यकीय शिक्षक मला वारंवार विचारतात, की कमी पडणाऱ्या विद्यार्थ्याला स्पष्ट बोलले तर तो खचतो आणि न बोलले तर सुधारत नाही, मग करावे तरी काय? हीच चिंता घेऊन मेडिसिनचे एक प्राध्यापक आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). त्यांच्या युनिटमधील एक निवासी डॉक्टर राऊंडला, म्हणजे वॉर्डातील रुग्णांच्या फेरीत, केस सांगताना गडबडत असे, प्रश्न विचारताच गप्प होत असे, आणि ‘आत्मविश्वास वाढवा’, ‘वाचन वाढवा’ असे अनेकदा सांगूनही फरक पडत नव्हता.

रुग्ण तपासताना त्या निवासी डॉक्टरला सुरुवातीपासून शेवटपर्यंत कधी पाहिले आहे का, असे मी विचारले. तसे कधीच घडले नव्हते. सगळे मत राऊंडमधल्या थोड्या वेळावरून बनले होते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रकरणांत हेच आढळते आणि मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. संशोधक जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलेली मिनी-सीईएक्स पद्धत, म्हणजे प्रत्यक्ष तपासणी थोडा वेळ पाहून लगेच त्यावर बोलणे, इथे फार उपयोगी पडते.

प्राध्यापकांनी तसे पाहिले, तेव्हा तिची हिस्ट्री (रुग्णाला विचारून घेतलेली आजाराची माहिती) आणि तपासणी दोन्ही नीट असल्याचे दिसले. अडत होते ते जमवलेल्या माहितीतून महत्त्वाचे निवडण्यात. मग आत्मविश्वासाचा विषय बाजूला ठेवून त्यांनी तिला एकच सराव दिला: रुग्णाची मुख्य समस्या आधी एका वाक्यात मांडायची आणि त्या समस्येला पुष्टी देणाऱ्या व छेद देणाऱ्या गोष्टी नंतर सांगायच्या. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी अभिप्रायावरील अनेक अभ्यासांच्या १९९६ मध्ये केलेल्या एकत्रित विश्लेषणात एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी उलट घसरलेली आढळली होती, आणि लक्ष कामावरून स्वतःकडे वळले की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो, असे त्यांनी मांडले होते. ‘आत्मविश्वास वाढवा’ हे वाक्य नेमके तेच करते.

काही आठवड्यांत तिचे केस सांगणे सुधारले, पण झोप लागत नव्हती. त्याबद्दल प्राध्यापकांना स्वतःच तिच्याशी बोलायचे होते. मी त्यांना थांबवले, कारण गुण देणाऱ्या माणसापुढे विद्यार्थी मन मोकळे करत नाही. दुसऱ्या विभागातील शिक्षिका तिच्या मार्गदर्शक झाल्या, त्यांच्या सल्ल्याने तिने मनोविकारतज्ज्ञांकडे उपचार सुरू केले, आणि त्या उपचारांचा मूल्यमापनाशी संबंध राहणार नाही, असे विभागाने तिला लेखी दिले.