म्युनिकला निघण्यापूर्वी

क्ष-किरण दुर्बिणींचे आरसे जुळवण्याच्या कामासाठी पत्नी आणि तिसरीतल्या मुलीसह म्युनिकला यावे का, असे आपण ऐरोलीहून विचारले आहे. व्हिसा, पगार आणि घरभाडे यांची माहिती आपल्याला इतरत्र मिळेल. मीही ठाण्याच्या नौपाड्यातून याच कामासाठी येथे आलो, म्हणून कोणी सांगत नाही तेवढेच लिहितो.

काम मनापासून आवडावे असे आहे. क्ष-किरण आरशावर सरळ पडले तर शोषले जातात, म्हणून ते पृष्ठभागाला जेमतेम चाटून जातील असे, एकात एक बसवलेले नळकांड्यांसारखे आरसे लागतात. 1999 साली सोडलेल्या एक्सएमएम-न्यूटन या युरोपीय उपग्रहाच्या तिन्ही क्ष-किरण दुर्बिणींत असे प्रत्येकी 58 आरसे आहेत. आरसा स्वतःच्या वजनाने वाकू नये म्हणून जपून धरावा लागतो, आणि चिकटवल्यावर गोंद सुकताना आकसून त्याला किंचित ओढतो. हे ओढणे डोळ्यांना दिसत नाही, पण चाचणीत प्रतिमा पसरट येते आणि पुढे विवर्तन जालक (किरणांना तरंगलांबीनुसार वेगळे करणारी बारीक रेघांची जाळी) असेल तर शेजारच्या वर्णरेषा एकमेकींत मिसळतात. म्युनिकजवळच्या पँटर चाचणीगृहात किरणांचा स्रोत शंभराहून अधिक मीटर दूर आहे, तरीही किरण पुरते समांतर नसतात आणि त्याची वजावट करावीच लागते. कुलाब्याच्या टीआयएफआर या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 2015 च्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहासाठी सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्यांची क्ष-किरण दुर्बीण बांधली. तिथल्यासारखी हातांची शिस्त असेल तर येथे आपण कमी पडणार नाही.

लग्नानंतर पत्नीच्या मधल्या नावी वडिलांऐवजी पतीचे नाव येते, हे एका कार्यालयाला पटवण्यात आमचा अख्खा हिवाळा गेला. विवाहाचा दाखला आणि दोन्ही नावांचे प्रतिज्ञापत्र निघण्यापूर्वीच तयार करून घ्या.

एकटेपणाची सवय होते; शाळेचे मात्र मला अजूनही सलते. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात चौथीतच जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी काढतात. 1 हा सर्वोत्तम गुण, आणि गिम्नाझियमसाठी, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेसाठी, सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली लागते. माझ्या मुलीला आकडेमोड सहज येत असे, पण शाब्दिक उदाहरणांतले जर्मन तिला कळत नसे, आणि तिच्या गुणपत्रिकेत हा फरक कुठेच नोंदला गेला नाही. ती गिम्नाझियमऐवजी दुसऱ्या शाळेत गेली आणि तेथे रमली. चिकटवलेला आरसा स्थिर होईपर्यंत आम्ही त्याला हात लावत नाही. तेवढी सवड माझ्या लेकीला कोणी दिली नाही, हे माझ्या मनातून जात नाही.

म्हणून मुलीला आजच जर्मनची शिकवणी लावा, आणि चौथीआधी तिला येथे पूर्ण वर्ष मिळेल असे पाहा. ते जमणार नसेल, तर तिसरीत पुन्हा बसवण्याची विनंती शाळेकडे लेखी करा. तोंडी बोलण्यावर राहू नका.