पायाची दबलेली नस ऑपरेशनने मोकळी केली तर तळव्याची आग थांबते का?

थांबू शकते, पण नस नेमकी कुठे दबली आहे ते सापडलं असेल तरच.

आतल्या घोट्याच्या मागे एक अरुंद बोगदा असतो, तळव्याची नस त्यातून जाते. तिथे बोटाने टिचकी मारल्यावर करंट थेट अंगठ्यापर्यंत गेला, तर संशय पक्का होत जातो. दुसरी जागा गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूला. तिथली नस फार दबली की पाऊल वर उचलत नाही, चालताना चप्पल निसटते. सर्जन नसेवरचा घट्ट पडदा कापतो, नस नाही.

दोन्ही पाय मोजे घातल्यासारखे सारखेच बधिर असतील तर मात्र आधी साखर आणि बी-१२ तपासा. डायबेटिसच्या न्यूरोपॅथीत (साखरेमुळे नसा खराब होण्यात) या ऑपरेशनचा फायदा सिद्ध झालेला नाही, असं अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २००६ मध्ये म्हटलं होतं. सर्जन मंडळींना ते पटलेलं नाही, वाद चालूच आहे. मी तरी न्यूरॉलॉजिस्टला दाखवून, नर्व्ह कंडक्शन टेस्ट (नसेतून करंट नीट जातो का ते पाहणारी तपासणी) करूनच ठरवीन.

आणि ऑपरेशननंतरही घाई नको. खराब झालेली नस दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर पुन्हा वाढते, त्यामुळे फरक कळायला महिने जातात. मधे मुंग्या वाढल्या तरी लगेच घाबरू नका.